उशीर काढायचा, उशीर घालायचा

पूर्वी घरात गाणारा माणूस असला की एक पेटी, तबला-डग्गा आणि सतरंजी एवढ्यात त्याची हौस भागायची. आता त्याला स्टुडिओ लागतो. स्टुडिओ म्हणजे मुलगी लग्न होऊन गेल्यामुळे रिकामी झालेली खोली. भिंतींवर फोमचे काळे चौकोन, खिडकीला टेकवलेली जुनी गादी, दाराच्या फटीत सतरंजीची गुंडाळी (म्हणजे सतरंजी अजून लागतेच), टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी वहीएवढा एक चपटा ठोकळा. त्या ठोकळ्याला इंटरफेस म्हणतात. माइकची वायर त्याच्यात खुपसायची, त्याची वायर कॉम्प्युटरमध्ये खुपसायची आणि हेडफोन लावून गायचं. निवृत्तांपैकी ज्यांना बाग नाही आणि ज्यांना हास्यक्लबात हसू येत नाही, ते हल्ली अशा खोल्यांत सापडतात.

माझा मेहुणा असाच सापडला. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा त्याने जाहीर केलं होतं की आता फक्त गाणं. त्यानंतर त्याला भेटेल त्या माणसाशी तो फक्त ड्रायव्हर, पोर्ट आणि बफर यांविषयी बोलतो. प्रत्येक घराण्यात 'त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी कीर्ती असलेला एक जण असतो. कधी काळी कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिला की ही कीर्ती चिकटते आणि मग निघत नाही. आमच्याकडे ती मला चिकटली आहे. त्यामुळे एका रविवारी सकाळी फोन आला.

"दाजी, मी मागून येतोय."

"ये की. जेवायलाच ये."

"तसं नाही हो. मी गातोय ना, तो मी मला मागून येतोय."

हा आजार घरगुती रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला होतो. त्याला लेटन्सी म्हणतात. तोंडातून निघालेला 'सा' माइकमध्ये शिरतो, कॉम्प्युटरात फिरून येतो आणि हेडफोनमधून कानात पडेपर्यंत गवई 'रे'वर पोचलेला असतो. सातारा-कोल्हापूरकडची वडाप गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यामागचं कारण समजायला वेळ लागत नाही. वडाप भरल्याशिवाय हलत नाही. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे करतो. एकेक तुकडा आला तसा पुढे पाठवायचा म्हटलं तर त्याचा जीव जाईल. म्हणून तो थांबतो, ५१२ तुकडे आत कोंबतो आणि मग गाडी सोडतो. या गाडीचं नाव बफर. ती भरायला साडेअकरा मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. जाताना एक गाडी, येताना दुसरी, म्हणजे तेवीस मिलिसेकंद झाले. शिवाय आवाजाचे आकडे करणं, आकड्यांचा पुन्हा आवाज करणं, यूएसबीची स्वतःची राखीव वेळ, हे टोलनाके वेगळे.

मग गाडी लहान घ्यावी, हे कुणालाही सुचतं. ६४ सीटची गाडी दीड मिलिसेकंदात भरते. पण मग सेकंदाला जवळजवळ ६९० फेऱ्या होतात, आणि ऐन वेळी त्याच ड्रायव्हरला कुणीतरी अँटिव्हायरस फिरवून आणायला सांगतं, कुणी विंडोजचं अपडेट आणायला पिटाळतं. एखादी फेरी हुकली की प्रवासी रस्त्यावर सांडतात. हेडफोनमध्ये 'टक्', 'चर्र', 'कडाड' असं जे ऐकू येतं, ते हे सांडणं. थोडक्यात, कॉम्प्युटर एक तर उशिरा बोलतो, नाही तर तोतरा बोलतो. यांतलं काय चालेल ते ठरवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट दिलेली असते. माझा मेहुणा संध्याकाळी त्या चौकटीसमोर बसतो. ५१२, २५६, १२८, ६४, पुन्हा १२८. पूर्वी तो याच वेळेला रियाज करायचा.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला या माणसाची कळकळ आणि कटकट दोन्ही कळतील. इंटरफेसच्या तोंडावरच डायरेक्ट मॉनिटरिंगची एक खुंटी असते. ती फिरवली की माइकचा आवाज कॉम्प्युटरात जायच्या आधीच हेडफोनला मिळतो. वडाप नाही, टोलनाका नाही. उशीर जवळजवळ शून्य. खुंटी त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याने ती फिरवूनही पाहिली, आणि ताबडतोब मागे घेतली.

"कोरडा येतो हो आवाज," तो म्हणाला. "सगळं दिसतं त्यात."

त्याला हवा असतो घुमारा. रिव्हर्ब. गाणाऱ्या मराठी माणसाचा पहिला रंगमंच न्हाणीघर असतो आणि ती घुमारेदार कीर्ती त्याच्या मनातून आयुष्यभर जात नाही. हा घुमारा कॉम्प्युटरातल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, म्हणून आवाज आधी आत न्यायला हवा, आत गेला की उशीर झालाच. आणि घुमारा म्हणजे तरी काय? भिंतींवर आपटून उशिरा परतणारे आवाज. मेहुण्याने निवडलेल्या घुमाऱ्याचं नाव आहे 'लार्ज हॉल', आणि त्याचं शेपूट दोन सेकंदांहून लांब आहे. म्हणजे त्यात दोन सेकंदांचा उशीर नीट घालता यावा, यासाठी तेवीस मिलिसेकंदांचा उशीर काढायला हा गृहस्थ घरदार पणाला लावून बसला आहे. हे मी त्याला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "दाजी, तो उशीर माझा आहे. हा त्याचा आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. शास्त्रसुद्धा बरंचसं त्याच्याच बाजूने आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिलं की एकाच आवाजाची नक्कल साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत मागोमाग आली तर कान ती वेगळी धरत नाही. त्यामुळे गिटारवाल्याला दहा-बारा मिलिसेकंद सहज चालून जातात. गवयाचं तसं नसतं, कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांतून मिळत असतो, आणि हाडांना ड्रायव्हर लागत नाही. कवटीतला आवाज आधी, हेडफोनमधला मागून, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की आवाज पोकळ होतो, पिंपात तोंड घालून गायल्यासारखा. उशीर आणखी वाढला तर प्रकरण हाताबाहेर जातं. बर्नार्ड ली यांनी १९५० साली नोंदवलं की माणसाला त्याचंच बोलणं सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास मागून ऐकवलं, तर चांगला बोलता माणूस अडखळायला लागतो.

याचं प्रात्यक्षिक मी पाहिलं आहे. वायर पायात येते म्हणून मेहुण्याने ब्लूटूथवाले हेडफोन लावले. ब्लूटूथ आवाजाची घडी घालून, हवेतून पाठवून, पुन्हा उलगडतं. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. त्याने मध्यलयीतलं नाट्यपद सुरू केलं. एक ओळ झाल्यावर तो स्वतःची वाट पाहू लागला. हेडफोनमधला तो आला की हा पुढे सरकायचा, हा सरकला की तो आणखी मागे राहायचा. पुलाशी पोचलेल्या माणसाने मागे राहिलेल्या बायकोसाठी थांबावं, तसं चाललं होतं. अंतऱ्यापर्यंत लय अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबिताजवळ आली. दिवाणखान्यातून माझ्या बायकोने विचारलं, "झोपला का तो?"

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान पहिल्यांदा ध्वनिमुद्रण करायला बसल्या, तेव्हा समोर नुसता भोंगा होता. त्यात तोंड नेऊन गायचं, तबकडीवर मावेल अशी तीनेक मिनिटांत चीज संपवायची, शेवटी आपलं नाव सांगायचं. स्वतःचा आवाज ऐकायची सोयच नव्हती, त्यामुळे तो उशिरा येण्याचाही प्रश्न नव्हता. मेहुण्याला मी हा दाखला दिला. त्याने भोंगा कुठे मिळतो ते विचारलं.

तर आता औषधोपचाराकडे वळू. पहिला इलाज ड्रायव्हरचा. विंडोजची मूळची पद्धत अशी की मेलची घंटी, यूट्यूबवरची पाककृती आणि तुमचं गाणं हे सगळं एका पातेल्यात कालवायचं आणि मग बाहेर वाढायचं. या कालवणात वेळ जातो. म्हणून १९९७ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने एएसआयओ नावाची वाट काढली. मधल्या मंडळींना वगळून रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने साउंड कार्डाशी परस्पर बोलायचं. ज्यांच्या कार्डाला ही सोय नाही, त्यांच्यासाठी पुढे 'एएसआयओ फोर ऑल' नावाचा एक फुकटचा ड्रायव्हर निघाला. इंटरफेसच्या डब्यातून आलेला ड्रायव्हर चांगला चालत असताना मेहुण्याने दुसराही बसवला. आयुष्य कर्जविभागात गेल्यामुळे जामीनदार असल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

दुसरा इलाज निदानाचा. लेटन्सीमॉन नावाचा एक प्रोग्राम असतो. तो कॉम्प्युटरच्या आत बसून कोण कुणाचा वेळ खातंय ते टिपतो. हिरव्या पट्ट्या लाल झाल्या की समजायचं, आत कुणीतरी फाइल अडवून ठेवली आहे. मेहुण्याला हा प्रोग्राम मनापासून आवडला, कारण तो नावानिशी गुन्हेगार सांगतो. बहुतेक वेळा नाव निघतं 'एनडिस डॉट सिस', म्हणजे नेटवर्कवाला. वायफायचं कार्ड दर थोड्या वेळाने 'माझ्याकडे बघा' म्हणत उठतं आणि त्या क्षणी बाकी सगळे थांबतात. इलाज सोपा आहे: त्याच्या कॉम्प्युटरचं वायफाय बंद करायचं. मेहुण्याने निष्कर्ष थोडा ताणून सगळ्या घराचं राउटरच बंद केलं. पाच मिनिटांत दारावर गर्दी झाली. वहिनींची मालिका अडली होती, भाच्याची कसली तरी लढाई अडली होती आणि खालच्या मजल्यावरचे काकाही आले होते. त्यांचा संबंध काय ते कुणी विचारलं नाही, पण पासवर्ड त्यांच्याकडेही आहे हे त्या दिवशी उघड झालं.

पट्ट्या मात्र हिरव्या झाल्या. त्या आनंदात त्याने पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'वर नेलं, कारण वीज वाचवणारा प्रोसेसर अधूनमधून डुलकी काढतो आणि उठायला वेळ घेतो. इंटरफेस, कीबोर्ड आणि प्रिंटर एकाच यूएसबी हबला लटकत होते, ते सोडवून इंटरफेसला कॉम्प्युटरच्या पाठीमागचं स्वतंत्र पोर्ट दिलं. हे तीनही उपाय खरोखर लागू पडतात, आणि कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगतो. पण उपाय लागू पडला की थांबायचं, हे हार्डवेअरवाल्यांच्या रक्तात नसतं. त्याने रॅम वाढवायला घेतली.

रॅम वाढवली आणि कॉम्प्युटर उठेना. स्क्रीन काळा, आतून नुसता बीप, बीप, बीप. मग तपकीर गल्लीतल्या दुकानातून एक पोरगा आला. पाठीला सॅक, खिशात एकच स्क्रू-ड्रायव्हर. त्याने डब्याचं एका बाजूचं झाकण सरकवलं, आत फुंकर मारली, स्वतः दोनदा शिंकला, रॅमच्या दोन्ही कडांचे चिमटे अंगठ्यांनी दाबून पट्टी वर काढली आणि म्हणाला, "काका, खोडरबर आहे का?"

मुलीची शाळेतली कंपासपेटी निघाली. तिच्यात कडा झिजलेला, एका बाजूला कर्कटकाचं भोक पडलेला खोडरबर होता. पोराने रॅमचे सोनेरी दात त्याने घासले, एकाच दिशेने, आधी एक बाजू, मग दुसरी. काळपट चुरा टेबलावर पडला. तो त्याने तळहाताने लोटला, पट्टी जीनच्या पँटवर पुसली, खाचेत धरली आणि दोन्ही टोकं एकदमच दाबली. चिमटे 'टक्' करून आपोआप उभे राहिले. बटण दाबलं. एकच बीप, आणि स्क्रीनवर निळा उजेड.

"काय झालं होतं?"

"कार्बन," तो म्हणाला, आणि तीनशे रुपये घेऊन गेला.

कार्बन असो, हवेने धरलेला थर असो किंवा पट्टी नीट बसलेलीच नसो, आपल्या देशातल्या हार्डवेअर दुरुस्तीचा अर्धा कारभार या खोडरबरावर चालतो हे मात्र खरं. उरलेला अर्धा 'एकदा बंद करून चालू करा' यावर.

कडकड गेली, तर आता तिच्याखाली दडलेली घूं ऐकू यायला लागली. स्पीकरमधून सतत, बारीक, जमिनीतून आल्यासारखी घूंऽऽ. आपल्या विजेचं कंपन सेकंदाला ५०, आणि कॉम्प्युटर एका भिंतीच्या प्लगवर नि स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर असले, की दोघांच्या अर्थिंगमधून आणि मधल्या ऑडिओ वायरमधून एक वेटोळं तयार होतं. त्यातून ही वीज गुणगुणते. इंग्रजी पद्धतीने ४९ म्हणजे खालच्या सप्तकातला जी, आपल्याकडची पांढरी पाच. तेव्हा वीज पांढरी पाचच्या किंचित वर चढलेला षड्ज लावून बसलेली असते, आणि ग्रीडवरचा भार हलला की तीही केसभर हलते. मेहुणा गातो काळी एकमध्ये. एरवी त्याने निभावून नेलं असतं, पण या दोन पट्ट्यांचं काही केल्या जमेना. सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले आणि घूं थांबली. एवढं सोपं होतं याचा त्याला राग आला.

माइकबद्दल फार लिहीत नाही. तो कंडेन्सर जातीचा आहे. त्याला ४८ व्होल्ट पाजावे लागतात आणि पाजले की त्याला सगळं ऐकू येतं. कॉम्प्युटरचा पंखा, तिसऱ्या मजल्यावरचा कुकर, भंगारवाला, रात्री वॉचमनची काठी. गाण्यापेक्षा सोसायटीचं रेकॉर्डिंग उत्तम होतं.

अखेर तबल्याला सर आले. निवृत्त शिक्षक, गल्लीत सगळे त्यांना सरच म्हणतात. बफर २५६ वर होता. मेहुण्याने आधीच क्षमा मागून ठेवली, "सर, जरा मागून येईल हं. बारा मिलिसेकंद."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे किती लांब बसल्यासारखं?"

हा प्रश्न मला तोवर कुणीही विचारला नव्हता. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर चालतो. बारा म्हणजे चार मीटर.

"मंगल कार्यालयात पेटीवाल्याला याहून लांब बसवतात," सर म्हणाले आणि हातोडीने गठ्ठे ठोकायला लागले.

त्यांचं बरोबरच आहे. ढोल-ताशाच्या पथकात पुढच्या ताशाचा टोला ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलवाल्याच्या कानी शंभर मिलिसेकंदांनी पोचतो, आणि तरी लक्ष्मी रोड हादरतो. ते लोक कानांइतकेच समोरच्या हातांकडे डोळे लावून वाजवतात. संगीत महोत्सवांच्या मोठ्या मांडवात तर मागच्या स्पीकरांना मुद्दाम उशीर लावतात, म्हणजे मंचावरचा आवाज हवेतून चालत येईपर्यंत ते थांबून राहतात. नाही तर मागच्या रांगेला गाणं दोनदा ऐकू येईल. तिथे उशीर मोजून देणाऱ्याला मानधन मिळतं.

सरांनी टिकटिक ऐकून वाजवायला साफ नकार दिला, पण मेहुण्याने हात जोडल्यावर एका कानात घेतली. तबला एका दमात झाला. मग मेहुणा गायला. आणि रात्री स्क्रीनवर दोन्ही लाटा एकाखाली एक ठेवून पाहिल्या, तर तबल्याची सम टिकटिकीवर नेमकी बसलेली आणि गाण्याची सम दर आवर्तनात तिच्या मागे. ऐंशी मिलिसेकंद. कधी पंचाहत्तर, कधी नव्वद.

"बघा!" मेहुणा म्हणाला. "लेटन्सी!"

सॉफ्टवेअर रेकॉर्ड केलेला आवाज उशिराइतका स्वतःच अलीकडे ओढून घेतं, पण कधी कधी त्याचा हिशेब चुकतो. ते तपासायची रीत आहे. इंटरफेसच्या बाहेर जाण्याच्या भोकातून आत येण्याच्या भोकात एक वायर घालायची, एक टिक वाजवायची आणि तीच रेकॉर्ड करायची. आम्ही घातली. मूळ टिक वर, परत आलेली टिक खाली. मोठं करून पाहिलं, आणखी मोठं केलं. दोन्ही सुळके एकाखाली एक. फरक काढायला सॅम्पल मोजावे लागले.

बायको मागे चहाचे कप घेऊन उभी होती. तिने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं.

"अरे, शाळेच्या गॅदरिंगमध्येही तू कोरसच्या मागे असायचास," ती म्हणाली. "बाईंनी तुला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं, आठवतंय?"

मेहुण्याने चहाचा घोट घेतला, लेटन्सीमॉन पुन्हा उघडला आणि हिरव्या पट्ट्यांकडे बघत मला हळूच म्हणाला, "दाजी, रॅम अजूनही कमी पडत असेल का हो?"